धर्माची न्यायालये आणि राष्ट्रांचे राजकारण : इस्रायली आणि पॅलेस्टिनी समाज

इस्रायलमध्ये दोन ज्यू नागरिकांना देशातल्या देशात लग्न करायचे असेल, तर त्यांना ऑर्थोडॉक्स रब्बींच्या यंत्रणेकडेच जावे लागते. मुसलमानांनी काझीकडे, ख्रिश्चनांनी आपापल्या चर्चकडे आणि द्रुझ या अरबीभाषक पंथाच्या लोकांनी त्यांच्या धार्मिक न्यायालयाकडे जायचे. धर्म बाजूला ठेवून सरकारी कचेरीत सह्या करून होणाऱ्या रजिस्टर लग्नाची सोय नाही. तिथून काही किलोमीटरवर असलेल्या रामल्ला, नाब्लुस किंवा बेथलेहेममध्येही तीच रीत आहे. मुसलमानांचे निकाह, तलाक आणि वारसाहक्क शरिया न्यायालयांच्या हाती असतात, ख्रिश्चनांचे त्यांच्या चर्चच्या न्यायासनांकडे. जमिनीसाठी शंभराहून अधिक वर्षे परस्परांशी झगडणाऱ्या या दोन समाजांच्या घरगुती कायद्याचा सांगाडा एकाच घडणीचा आहे.

या भूमीत धर्म जितका श्रद्धेचा विषय आहे, तितकाच तो दप्तराचा, शाळेचा, सुटीच्या वाराचा आणि सैन्यभरतीचाही विषय आहे. कोणी किती धार्मिक आहे, यापेक्षा कोणाचे नाव कोणत्या धर्माच्या वहीत लिहिले आहे, याला इथे अनेकदा अधिक किंमत येते. दोन्हीकडचे राजकारण समजून घ्यायचे तर युद्धे आणि करार यांच्याबरोबर या वह्याही उघडाव्या लागतात.

उस्मानी दप्तर

1517 पासून 1917 पर्यंत, म्हणजे चारशे वर्षे, पॅलेस्टाइन उस्मानी साम्राज्याचा भाग होते. या साम्राज्याने आपल्या बिगरमुस्लिम प्रजेला धर्मसमूहांनुसार ओळखले. अशा समूहाला मिल्लत म्हणत. प्रत्येक समूहाचे लग्न, घटस्फोट आणि वारसा त्याच्या धर्मगुरूंकडे सोपवलेले होते. धर्मगुरू राज्याला जबाबदार आणि प्रजा धर्मगुरूंना. बाराही महिने बंडाळी आणि करवसुलीच्या चिंतेत असणाऱ्या राज्यकर्त्यांना ही व्यवस्था सोयीची होती. त्यातून अल्पसंख्यांना आपले आचार जपण्याची मोकळीक मिळाली, पण व्यक्तीला समूहाबाहेर उभे राहायला जागा उरली नाही.

ब्रिटिश आले तेव्हा त्यांनी ही रचना मोडली नाही, उलट ती पक्की केली. 1921 मध्ये मुख्य रब्बींचे पद नव्याने घडवले गेले. अश्केनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेच्या ज्यूंसाठी अब्राहम आयझॅक कूक आणि सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या आणि पूर्वेकडच्या परंपरेसाठी जेकब मेइर यांची निवड झाली. एका देशाला दोन मुख्य रब्बी असण्याची ही पद्धत आजही चालू आहे. 1922 मध्ये मुसलमानांच्या वक्फ मालमत्ता आणि शरिया न्यायालये यांच्यासाठी सर्वोच्च मुस्लिम परिषद स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल हुसेनी यांच्याकडे गेले. पुढची पंधरा वर्षे पॅलेस्टिनी राजकारणाचे नेतृत्व बऱ्याच अंशी या धार्मिक पदावरूनच झाले. राजकीय प्रतिनिधित्व नाकारलेल्या समाजाला धार्मिक संस्था तेवढी मिळाली होती आणि तिचाच राजकीय व्यासपीठ म्हणून उपयोग झाला.

उस्मानी काळाची आणखी एक देणगी म्हणजे ‘स्टेटस को’, जैसे थे स्थिती. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चमध्ये कोणत्या पंथाने कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या वेळी प्रार्थना करायची, याची घडी 1757 आणि 1852 च्या फर्मानांनी बसवली. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन हे तीन प्रमुख हक्कदार. कॉप्टिक, इथिओपियन आणि सीरियन ऑर्थोडॉक्स यांचे हक्क त्यामानाने थोडे. एखादी पायरी कोणी झाडायची, यावरूनही इथे धर्मगुरूंच्या हाणामाऱ्या झालेल्या आहेत. दर्शनी भागातल्या एका खिडकीखाली टेकवलेली लाकडी शिडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे, कारण ती हलवणे म्हणजे कोणाच्या तरी हक्काला हात लावणे. चर्चची किल्ली आणि दार उघडण्याचा मान जूदेह आणि नुसैबेह या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. विश्वास उडालेल्या पक्षांनी एकत्र नांदण्याचा हा मार्ग पुढे इस्रायलच्या संसारातही आला आणि नावही तेच राहिले.

बेन-गुरियन यांचे पत्र

ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे बहुतेक नेते धर्माचरणापासून दूर गेलेले होते. त्यांना नवा, कष्टकरी, हिब्रू बोलणारा माणूस घडवायचा होता. याउलट हरेदी, म्हणजे कर्मठ ज्यूंच्या अगुदात इस्राएल या संघटनेला मशीहा येण्याआधी माणसांनी उभारलेले ज्यू राज्य पसंत नव्हते. 1947 च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांची समिती पॅलेस्टाइनची पाहणी करण्यासाठी आली. तिच्यासमोर ज्यू समाजात फूट दिसू नये, म्हणून पुढे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन-गुरियन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 19 जून 1947 रोजी अगुदातला पत्र लिहून चार बाबतींत आश्वासने दिली. शनिवार, म्हणजे शब्बाथ, हा सुटीचा वार राहील. सरकारी स्वयंपाकघरांत कोशर, म्हणजे धर्मशास्त्राला संमत, अन्न शिजेल. लग्नाच्या बाबतीत समाजाचे दोन तुकडे पडू दिले जाणार नाहीत. आणि धार्मिक शाळांची स्वायत्तता अबाधित राहील.

पत्र म्हणजे कायदा नव्हे. तरीही देशाच्या घडणीत त्याने एखाद्या घटनेइतके काम केले. प्रत्यक्ष घटना तर आजवर झालीच नाही. 1948 च्या स्वातंत्र्यघोषणेत तिचे वचन होते, पण राज्य तोरा या धर्मग्रंथावर उभे राहील की नागरिकांच्या इच्छेवर, हा प्रश्न सुटेना. 1950 मध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, घटना एकदम न लिहिता एकेक ‘मूलभूत कायदा’ करत जाण्याचे ठरवले. हा तोडगा तात्पुरता म्हणून आला आणि कायमचा झाला. 2023 मध्ये सरकारने न्यायालयांचे अधिकार कमी करायला घेतले, तेव्हा लाखो लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले. त्या संघर्षाच्या मुळाशीही हेच आहे: घटना नसलेल्या देशात शेवटचा शब्द कोणाचा?

लग्नाची वही

1953 च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले. ही न्यायालये हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, प्रमाण मानतात. त्यानुसार कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातला पुरुष, घटस्फोटितेशी लग्न करू शकत नाही. काही निषिद्ध संबंधांतून जन्मलेल्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना इतर ज्यूंशी विवाह वर्ज्य ठरतो. घटस्फोटासाठी पतीने आपल्या हाताने ‘गेट’ हे सोडपत्र द्यावे लागते. त्याने ते नाकारले तर स्त्री वर्षानुवर्षे अडकून पडते. 1995 च्या कायद्याने अशा पतीचा वाहन परवाना, बँक खाते किंवा पासपोर्ट रोखण्याचे आणि त्याला तुरुंगात टाकण्याचे अधिकार रब्बींच्या न्यायालयांना मिळाले. तरी तुरुंगात बसूनही गेट न देणारे निघाले आहेत. आधुनिक विज्ञानात आणि शेतीत जगाला धडे देणाऱ्या देशात एका स्त्रीची सुटका तिच्या नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असावी, हा या व्यवस्थेतला सर्वांत बोचरा अन्याय आहे.

ज्यू कोण, याची व्याख्याही दोन दप्तरांत वेगवेगळी आहे. 1950 च्या परतीच्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला. 1970 च्या दुरुस्तीने तो ज्यू व्यक्तीची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांनाही मिळाला. धर्मशास्त्र मात्र आई ज्यू असण्यावर किंवा विधिवत धर्मांतरावर अडून राहिले. 1989 नंतर सोव्हिएत संघ आणि त्यातून निघालेल्या देशांमधून सुमारे दहा लाख लोक आले. त्यांतले कित्येक लाख नागरिकत्वाच्या कायद्याने पात्र असले, तरी रब्बींच्या वहीत ज्यू नाहीत. ते सैन्यात जातात, कर भरतात, युद्धात मरतात, पण त्यांना मायदेशात ज्यू व्यक्तीशी लग्न करता येत नाही. वाट निघते ती सायप्रससारख्या परदेशातून. तिथे लग्न करून आल्यास सरकारी दप्तरात नोंद होते. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी केली आणि हजारो जोडपी तिने जात आली आहेत.

या वहीचा चटका कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजालाही बसला. रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथला ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ नावाने ओळखले जाणारे हे मराठी ज्यू. 1948 नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले आणि अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना अशा गावांत स्थिरावले. काही रब्बींनी त्यांच्याशी इतर ज्यूंची लग्ने लावायला नकार दिला. शंका अशी, की कोकणात शतकानुशतके शास्त्र जाणणारे रब्बी नव्हते, मग तिथले घटस्फोट आणि विधवांची लग्ने हलाखाप्रमाणे झाली असतील कशावरून? 1960 च्या दशकाच्या आरंभी मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला. त्यानुसार लग्नाला आलेल्या बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करायची होती. भारतात ज्यू म्हणून कधीही छळ न सोसलेल्या लोकांना ज्यूंच्या राज्यात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागणार होते.

समाज गप्प बसला नाही. 1964 च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. देशभरातल्या धर्मनिरपेक्ष पक्षांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्रायल सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू असल्याची भूमिका घेतली आणि रब्बींच्या आदेशातला या समाजाचा नामनिर्देश काढला गेला. संसदेने रब्बींना मागे सरायला लावले, असे प्रसंग इस्रायलच्या इतिहासात मोजकेच. हा समाज आज इस्रायलमध्ये हिब्रू बोलतो, पण जुन्या पिढीच्या घरांत मराठी टिकून आहे. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा मांडण्याचा विधी लग्नकार्यात आणि नवसाला अजूनही होतो.

शब्बाथ, सैन्य आणि सत्ता

शुक्रवारी सूर्यास्ताला इस्रायलच्या बहुतेक ज्यू शहरांत बस थांबते आणि शनिवारी अंधार पडल्यावर सुटते. हैफा या मिश्र वस्तीच्या बंदरात ब्रिटिश काळापासून बस चालत होती, म्हणून तिथे जैसे थे तत्त्वानेच ती शनिवारीही चालू राहिली. तेल अवीवने 2019 मध्ये नगरपालिकेच्या बळावर आठवडी सुटीची बससेवा सुरू केली. इस्रायलची सुटी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे या गाड्या शुक्रवारी संध्याकाळपासून धावतात. एल अल ही राष्ट्रीय विमानकंपनी 1982 पासून शब्बाथला उड्डाणे करत नाही. डिसेंबर 1976 मध्ये अमेरिकेकडून मिळालेली पहिली एफ-15 लढाऊ विमाने शुक्रवारी दुपारी उतरली. स्वागतसमारंभ लांबल्यामुळे शब्बाथचा भंग झाला, असा आक्षेप घेऊन अविश्वास ठराव आला. सत्तेतल्या राष्ट्रीय धार्मिक पक्षाच्या मंत्र्यांनी सरकारला साथ दिली नाही, पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्यांना काढले आणि नंतर स्वतःही राजीनामा दिला. 1977 च्या निवडणुकीत मजूर पक्ष देशाच्या स्थापनेपासून प्रथमच हरला. या पराभवाची कारणे खोल होती: 1973 च्या युद्धाचा धक्का, भ्रष्टाचाराची प्रकरणे आणि पूर्वेकडच्या ज्यूंचा साठलेला राग. पण निवडणूक वेळेआधी आली ती शब्बाथमुळे.

त्या रागाची कथा मोठी आहे. मोरोक्को, इराक, येमेन, इराण अशा देशांतून आलेल्या मिझराही ज्यूंना 1950 च्या दशकात तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्यांत ठेवले गेले. पुढे त्यांना सीमेजवळच्या ओसाड नव्या गावांत वसवले गेले. त्यांची अरबी भाषा, गाणी आणि रीतीभाती मागासलेपणाच्या खुणा मानल्या गेल्या. 1959 मध्ये हैफाच्या वादी सलीब वस्तीत दंगल झाली आणि 1971 मध्ये जेरुसलेमच्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर्स’ नाव घेऊन मोर्चे काढले. उजव्या विचाराचे नेते मेनाखेम बेगिन यांना 1977 मध्ये सत्ता मिळाली ती मुख्यतः या मतदारांमुळे. बगदादला जन्मलेले सेफार्दी धर्मपंडित ओवादिया योसेफ यांच्या आशीर्वादाने 1984 मध्ये शास पक्ष उभा राहिला. त्याने शाळा, शिधा आणि सिनेगॉगांमार्फत गरीब मिझराही वस्त्यांना आधार दिला आणि हरवलेली प्रतिष्ठाही दिली. 1999 मध्ये 120 पैकी 17 जागा जिंकून तो तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. याच ओवादिया योसेफ यांनी 1973 मध्ये इथिओपियाच्या ज्यूंना ज्यू म्हणून मान्यता दिली होती. जीव वाचणार असतील तर शांततेसाठी भूमी सोडणे शास्त्राला मान्य आहे, असे मतही त्यांनी मांडले होते.

इस्रायली ज्यूंचे धार्मिक आणि निधर्मी असे दोन कप्पे करणे चुकीचे ठरते. प्यू संशोधन केंद्राच्या 2016 च्या अहवालात 49 टक्के ज्यूंनी स्वतःला हिलोनी, म्हणजे धर्मनिरपेक्ष म्हटले, 29 टक्क्यांनी मसोर्ती म्हणजे परंपरा पाळणारे, 13 टक्क्यांनी दाती म्हणजे धार्मिक आणि 9 टक्क्यांनी हरेदी. मसोर्ती कुटुंब शुक्रवारी रात्री दिवे लावून किद्दुश ही प्रार्थना म्हणते आणि शनिवारी गाडीने समुद्रावर किंवा फुटबॉलला जाते. मिझराही समाजाचा मोठा भाग असा आहे. त्यांचे संगीत एकेकाळी आकाशवाणीवर अभावानेच ऐकू येई. बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांवर कॅसेटींतून विकले जाणारे झोहर अर्गोव यांचे गाणे आज राष्ट्राच्या मुख्य प्रवाहात आहे.

हरेदींचा प्रश्न मात्र संगीताइतका सहज मिटलेला नाही. 1948 मध्ये बेन-गुरियन यांनी येशिवांतल्या, म्हणजे धर्मपाठशाळांतल्या, सुमारे 400 विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट दिली. युरोपातल्या धर्मपाठशाळा हिटलरच्या संहारात नष्ट झाल्या होत्या, उरलेली विद्या वाचावी ही भावना त्यामागे होती. 1977 नंतर संख्येची मर्यादा उठली. आज हरेदी लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याकडे झुकले आहेत आणि त्यांच्या स्त्रियांना सरासरी सहाहून अधिक मुले होतात. ही सूट समानतेला बाधा आणते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2012 आणि 2017 मध्ये तिचे कायदे रद्द ठरवले. 25 जून 2024 रोजी, युद्ध चालू असताना, सूट देणारा कायदाच शिल्लक नसल्यामुळे भरती करणे सरकारवर बंधनकारक आहे, असा एकमताने निकाल दिला. जुलै 2025 मध्ये याच वादातून हरेदी पक्ष सरकारबाहेर पडले. राखीव सैनिक म्हणून शेकडो दिवस आघाडीवर काढलेल्या घरांना ही सूट आता केवळ धर्माचा प्रश्न वाटत नाही.

धार्मिक झायोनिस्टांची वाट हरेदींच्या उलट दिशेने गेली. रब्बी कूक यांनी राज्यनिर्मितीत ईश्वरी मुक्तीचा आरंभ पाहिला होता. 1967 च्या युद्धात हेब्रॉन, नाब्लुस, जेरुसलेमचे जुने शहर असे बायबलशी जोडलेले प्रदेश ताब्यात आले, तेव्हा त्यांचे पुत्र झ्वी येहुदा यांच्या शिष्यांना ते भविष्यवाणीचे पडणारे पाऊल वाटले. 1974 मध्ये स्थापन झालेल्या गुश एमुनीमने वेस्ट बँकेत वसाहती उभारणे हे धर्मकर्तव्य मानले. पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेतल्या वसाहतींत आज सुमारे पाच लाख इस्रायली राहतात. आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि जगातली बहुतेक राष्ट्रे या वसाहतींना बेकायदा मानतात. याच विचाराच्या टोकाला हिंसा होती. 25 फेब्रुवारी 1994 रोजी बारूख गोल्डस्टाइनने हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या 29 जणांना ठार केले. 4 नोव्हेंबर 1995 रोजी यिगाल अमीरने भूमी देऊ करणाऱ्या, तोवर पुन्हा पंतप्रधान झालेल्या राबिन यांचा खून केला. 2022 च्या अखेरीस या प्रवाहाचे नेते बेझालेल स्मोट्रिच अर्थमंत्री आणि इतमार बेन-ग्विर राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाले.

पॅलेस्टिनी समाज : चर्च, मशीद आणि चळवळ

पॅलेस्टिनी राष्ट्रवादाचा आरंभ मुसलमान आणि ख्रिश्चन यांच्या सहभागातून झाला. ब्रिटिश आमदानीच्या पहिल्याच वर्षांत गावोगाव ‘मुस्लिम-ख्रिश्चन संघ’ निघाले. याफातून 1911 पासून निघणारे ‘फलस्तीन’ हे प्रभावी वृत्तपत्र एका ख्रिश्चन घराण्याचे होते. पुढे 1959 मध्ये फतह ही राष्ट्रवादी संघटना आणि 1964 मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटना स्थापन झाली. तिच्यातल्या डाव्या गटांपैकी पॉप्युलर फ्रंटचे संस्थापक जॉर्ज हबश ग्रीक ऑर्थोडॉक्स कुटुंबातले होते. वेस्ट बँक आणि गाझात ख्रिश्चन आज एक-दोन टक्केच उरले आहेत, पण शिक्षण, वैद्यक आणि साहित्यातला त्यांचा वाटा संख्येच्या कितीतरी पुढे आहे. बेथलेहेमचा महापौर ख्रिश्चन असावा हा दंडक तिथला स्थानिक कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाने पाळला आहे. त्या गावात ख्रिसमस तीनदा येतो: 25 डिसेंबरला पाश्चात्त्य पंथांचा, 7 जानेवारीला ऑर्थोडॉक्सांचा आणि 19 जानेवारीच्या सुमारास आर्मेनियनांचा.

या समाजाला एक करणारी गोष्ट धर्मापेक्षा 1948 ची आहे. त्या वर्षीच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांतून परागंदा झाले. शेकडो गावे ओस पडली, अनेक जमीनदोस्त झाली. या आपत्तीला ते नकबा म्हणतात. छावण्यांतल्या गल्ल्यांना आणि मुलांना हरवलेल्या गावांची नावे दिली गेली आणि जुन्या घरांच्या लोखंडी किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. बायकांच्या थोबवरचे, म्हणजे पायघोळ झग्यावरचे, ततरीझ भरतकाम पूर्वी गावागावाची ओळख सांगत असे. छावण्यांत ते सबंध राष्ट्राची ओळख झाले. युनेस्कोने 2021 मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. शरद ऋतूतली ऑलिव्हची तोडणी हा कुटुंबाचा सोहळा असतो. वसाहतवाल्यांचे हल्ले आणि लष्कराचे अडथळे यांमुळे तो अनेक गावांत जिवावरचा झाला आहे, आणि तरीही लोक शेतात जातात.

पुढे नासधूस झालेल्या अल बिर्वा गावात 1941 मध्ये जन्मलेले महमूद दरवेश या समाजाचे महाकवी. 1988 मध्ये अल्जिअर्सला जाहीर झालेला पॅलेस्टाइनच्या स्वातंत्र्याचा मसुदा त्यांचाच. 2000 मध्ये इस्रायलचे शिक्षणमंत्री योसी सरीद यांनी त्यांच्या काही कविता शाळांत ऐच्छिक वाचनासाठी सुचवल्या, तर क्नेसेटमध्ये वादळ उठले आणि पंतप्रधान एहुद बराक यांना इस्रायल त्यासाठी अजून तयार नसल्याचे म्हणावे लागले. व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांचा पाठमोरा अनवाणी पोरगा हंधला आजही भिंतीभिंतीवर दिसतो. त्यांचा 1987 मध्ये लंडनला खून झाला.

गाझात 1973 च्या सुमारास शेख अहमद यासीन यांनी मुस्लिम ब्रदरहूडच्या विचारातून दवाखाने, बालवाड्या आणि मशिदींचे जाळे विणले. डिसेंबर 1987 मध्ये पहिला इन्तिफादा, म्हणजे उठाव, पेटला, तेव्हा त्यातून हमास ही संघटना निघाली. 1988 च्या तिच्या सनदेने सबंध पॅलेस्टाइनला वक्फ, म्हणजे अल्लाच्या नावे ठेवलेली अविभाज्य मालमत्ता, ठरवले. ज्या भूमीबद्दल फतह पुढे वाटाघाटी करणार होती, तिच्याबद्दल वाटाघाटींची सोयच या भूमिकेने संपवली. गुश एमुनीमच्या विचाराशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. दोन्हीकडे भूमी माणसांच्या हातून निसटून ईश्वराच्या नावावर चढली. 2006 च्या निवडणुकीत हमासला 132 पैकी 74 जागा मिळाल्या, फतहला 45. प्राधिकरणाचा भ्रष्टाचार आणि इस्रायल व मुक्ती संघटना यांच्यातल्या ऑस्लो कराराचे अपयश यांवर लोकांनी दिलेला तो कौल होता. 2007 च्या जूनमध्ये गाझात हमासने फतहला हुसकावले. तेव्हापासून सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. महमूद अब्बास 2005 मध्ये चार वर्षांसाठी अध्यक्ष निवडून आले होते आणि अजूनही पदावर आहेत.

राज्य अपुरे असल्याचे कायद्यातही दिसते. कुटुंबकायद्याला वेस्ट बँकेत 1976 चा जॉर्डनचा कायदा आणि गाझात इजिप्तच्या राजवटीतला 1954 चा हुकूम आधार देतो. 2009 मध्ये वेस्ट बँकेच्या शरिया न्यायासनावर प्रथमच दोन स्त्रिया न्यायाधीश म्हणून बसल्या. 2019 मध्ये लग्नाचे किमान वय अपवाद ठेवून 18 करण्यात आले. अपघात किंवा खुनासारख्या प्रकरणांत न्यायालयाबरोबर सुल्हाही चालते. प्रतिष्ठितांची जाहा, म्हणजे शिष्टमंडळ, दुखावलेल्या घरी जाते, आधी काही दिवसांची शांतता मागून घेते, मग भरपाई ठरते आणि शेवटी कडू कॉफी घेऊन समेट होतो. परक्या फौजेखाली राहणाऱ्या लोकांना ही जुनी रीत अनेकदा पोलीस ठाण्यापेक्षा जवळची वाटते.

मधले लोक

इस्रायलच्या लोकसंख्येत पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक लोक अरब आहेत. 1948 मध्ये जे जागेवर राहिले त्यांचे हे वंशज. 1966 पर्यंत ते लष्करी अंमलाखाली होते. 30 मार्च 1976 रोजी जमीन ताब्यात घेण्याविरुद्धच्या संपात सहा जण मारले गेले. तो दिवस भूमिदिन म्हणून पाळला जातो. त्यांचे काझी इस्रायल सरकार नेमते. 2017 मध्ये हाना खतीब पहिली स्त्री काझी झाली, ज्यू रब्बींच्या न्यायालयांत मात्र स्त्री न्यायाधीश अजून नाही. अरबी लेखक एमिल हबीबी यांनी 1992 मध्ये इस्रायल पुरस्कार स्वीकारला, तेव्हा अरब जगातून त्यांच्यावर टीका झाली. अंतोन शम्मास यांनी 1986 मध्ये हिब्रूत कादंबरी लिहून ज्यूंच्या भाषेवर अरबाचाही हक्क सांगितला. द्रुझ पुरुषांना 1956 पासून लष्करी सेवा सक्तीची आहे. 2018 च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचे अधिकृत भाषेचे स्थान काढून तिला ‘विशेष दर्जा’ दिला आणि आत्मनिर्णयाचा हक्क ज्यूंपुरता राखला, तेव्हा याच द्रुझांनी तेल अवीवमध्ये प्रचंड निदर्शने केली. 2021 मध्ये मन्सूर अब्बास यांचा राआम हा इस्लामी विचाराचा पक्ष इस्रायलच्या सत्ताधारी आघाडीत सामील झाला. स्वतंत्र अरब पक्षाने हे पाऊल टाकण्याची ती पहिलीच वेळ.

पस्तीस एकर

जेरुसलेमच्या जुन्या शहरात सुमारे 35 एकरांचे एक उंच पटांगण आहे. मुसलमानांसाठी ते हरम अल-शरीफ: अल अक्सा मशीद, सोनेरी घुमटाची कुब्बत अल-सखरा आणि पैगंबरांच्या स्वर्गारोहणाची जागा. ज्यूंसाठी तो मंदिराचा डोंगर, जिथे त्यांची दोन्ही प्राचीन मंदिरे उभी होती. पटांगणाला पेलणारी पश्चिमेची भिंत हे त्यांचे मुख्य प्रार्थनास्थळ. 1929 मध्ये या भिंतीपाशी प्रार्थनेच्या हक्कावरून पेटलेल्या दंगलींत 133 ज्यू आणि 116 अरब मारले गेले. त्यांतले 67 ज्यू एकट्या हेब्रॉनमधले.

जून 1967 मध्ये पटांगण इस्रायलच्या ताब्यात आले, तेव्हा संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी त्याचा कारभार जॉर्डनशी बांधलेल्या वक्फ संस्थेकडेच ठेवला. ज्यूंनी वर यावे पण प्रार्थना भिंतीपाशी करावी, असे ठरले. हे मान्य होण्यामागे धर्मशास्त्राचाही हात होता. मंदिराच्या गाभ्याची नेमकी जागा माहीत नसताना अशुद्ध अवस्थेत तिथे पाऊल पडू नये, म्हणून मुख्य रब्बींनी ज्यूंना वर जायलाच मनाई केली. तशी पाटी प्रवेशद्वारापाशी आहे. 1994 च्या इस्रायल-जॉर्डन तहाने जॉर्डनच्या विशेष भूमिकेचा मान राखण्याचे कबूल केले. 28 सप्टेंबर 2000 रोजी विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन मोठ्या बंदोबस्तात पटांगणावर फिरून आले आणि दुसऱ्याच दिवसापासून दुसरा इन्तिफादा भडकला. त्यात तीन हजारांवर पॅलेस्टिनी आणि सुमारे एक हजार इस्रायली मेले. अलीकडच्या वर्षांत धार्मिक झायोनिस्ट रब्बींपैकी अनेकांनी जुनी मनाई बाजूला सारली आहे. ज्यू गट पोलिसांच्या देखत तिथे उघडपणे प्रार्थना करू लागले आहेत. 1967 ची मांडणी कागदावर आहे आणि रोज थोडी थोडी झिजते आहे.

हमासने 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्याला ‘अल अक्साचा पूर’ हे नाव दिले. त्या दिवशी इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसे मारली गेली, बहुतेक सामान्य नागरिक, आणि 251 जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार 60 हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले, त्यांत बायका आणि मुले फार मोठ्या संख्येने आहेत. जवळजवळ सारी वस्ती बेघर झाली. गाझा शहरातली शतकानुशतकांची जुनी उमरी मशीद उद्ध्वस्त झाली. तिच्या जवळच्या सेंट पोर्फिरिअस चर्चच्या आवारात आसरा घेतलेली ख्रिश्चन कुटुंबे 19 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यात सापडली. ऑक्टोबर 2025 मध्ये युद्धबंदी झाली. गाझाचा कारभार कोणाकडे, वेस्ट बँकेतल्या वसाहतींचे काय आणि हरेदी तरुणांची भरती कशी, हे तिन्ही प्रश्न तेव्हाही अनिर्णित राहिले.